आनंद कुमारस्वामी आणि दारावरची बेल

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा हिंदीवरून पुन्हा जुंपली. पहिलीपासून हिंदी आणणारे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ला मागे घेतले, पण ग्रुपवर अजून रोज नवा मुहूर्त निघतो. मग नेहमीप्रमाणे कोणीतरी मला मध्ये ओढलं. ‘‘तू जर्मनीत आहेस ना? सांग यांना, तिकडे जर्मन आल्याशिवाय कोणी दारात उभं करतं का?’’ त्यावर लगेच दुसरा, ‘‘त्याला काय विचारता, तो सुटला इथून.’’

मी गप्प बसलो आणि रात्री ‘न्यू दिल्ली’ पाहिला. १९५६चा, मोहन सेहगलने दिग्दर्शित केलेला, किशोरकुमार आणि वैजयंतीमालाचा. ‘चलती का नाम गाडी’ सगळ्यांना पाठ असतो, याचं मात्र ‘नखरेवाली’ तेवढं कानावर असतं, तेही शंकर-जयकिशनच्या कृपेने.

गोष्ट अशी. जालंधरचा आनंद नोकरीसाठी दिल्लीला येतो. खिशात पैसे आहेत, खोली मिळत नाही. जो तो घरमालक आपल्याच प्रांताचा भाडेकरू शोधतोय. शेवटी हा पठ्ठ्या मद्रासी वेष चढवतो, आनंद कुमारस्वामी होतो आणि खोली पटकावतो. मग जानकी नावाच्या तमिळ मुलीच्या प्रेमात पडतो. पुढे आनंदच्या वडिलांची बदली दिल्लीलाच होते आणि सोंग सांभाळता सांभाळता त्याची भंबेरी उडते.

साल बघा. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५चा, भाषावार राज्यं आली १ नोव्हेंबर १९५६ला. मुंबईत फ्लोरा फाउंटनला माणसं गोळ्यांना बळी पडली होती आणि मुंबईच्याच प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं होतं. अशा वर्षी हा सिनेमा म्हणतो, प्रांतबिंत सोडा, सगळे एक व्हा. पडद्यामागे ते होतच होतं म्हणा. पंजाबी आनंद झालाय खांडव्याचा बंगाली किशोर आणि जानकीचे तमिळ वडील झालेत आपले नाना पळशीकर. अख्ख्या सिनेमात खरी तमिळ नायिका तेवढी वैजयंतीमाला!

लहानपणी मला हे सगळं फार गोड वाटायचं. आता एक खटका जाणवतो. यात पंजाबी, तमिळ, बंगाली सगळे जवळ येतात ते हिंदीतून. तमिळ माणूस हेल काढून हिंदी बोलला की हशा पिकतो. हिंदीवाल्याला मात्र कुठेच काही शिकावं लागत नाही. त्याला गंध लावून लुंगी नेसली की पुरे. एकी सगळ्यांची, पण शिकवणी दुसऱ्यांनाच. पहिलीच्या पोरांवर तिसरी भाषा लादू नका, ही मागणी मला म्हणूनच रास्त वाटते.

पण ‘जर्मनीत बघा’ म्हणणाऱ्यांनी पूर्ण जर्मनी बघावी. इथे भाषा यावी लागते, हे खरं. ती शिकवण्यासाठी सरकारने २००५पासून वर्ग सुरू केलेत, साधारण सहाशे तासिका भाषेच्या आणि वर देशाच्या ओळखीच्या. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. माझ्या बायकोने स्टुटगार्टमध्ये तो केला. शेजारच्या बाकावर सीरियाचा न्हावी, पलीकडे ब्राझीलची नर्स. कुणी कुणाला कानफटवून क्रियापदं पाठ करून घेतली नाहीत. मुंबईत रिक्षावाल्याला, दुकानदाराला मराठी येत नाही म्हणून चोप देणारे व्हिडिओ ग्रुपवर येतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, की त्याच्यासाठी संध्याकाळचा मराठीचा वर्ग वॉर्डात कुठे भरतो? मराठी मागण्यात काहीच गैर नाही. शिकवायची तयारी दिसत नाही, ते खटकतं.

आणि घराचं म्हणाल तर इथेही कुमारस्वामी व्हावं लागतं. इथे इमारतीच्या दारावर फ्लॅटचे नंबर नसतात, बेलच्या ओळीत आडनावं असतात. घर शोधताना माझ्या आडनावाने पाठवलेल्या कित्येक अर्जांना उत्तरच आलं नाही. एका फ्लॅटचं ‘दिला गेला’ असं कळलं. त्याच दुपारी ऑफिसातल्या जर्मन मित्राने फोन केला, तर त्याला शनिवारी बघायला बोलावलं. वंशावरून घर नाकारू नये असा कायदा इथे २००६पासून आहे, त्यात पळवाटाही आहेत. शेवटी घर मिळालं ते त्या मित्राच्या ओळखीने. बेलवर माझं चौदा अक्षरी आडनाव बसेना म्हणून केअरटेकरने अर्धंच छापलं, आणि ते वाचून पोस्टमन मला बरीच वर्षं फिनलंडचा समजायचा. मीही कधी दुरुस्त केलं नाही. सोंग फुकटात मिळालं होतं.

आपल्याकडे २०२३मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा आमचा ग्रुप पेटला होता, मीही पेटलो होतो. फक्त एका जमातीलाच सभासदत्व देणारे सोसायटीचे नियम सुप्रीम कोर्टाने २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात ग्राह्य धरले होते, हे तेव्हा कुणी काढलं नाही. कारण तो नियम आपल्यालाही कधीतरी सोयीचा पडतो.

मुलुंडवरून सगळ्यात जास्त तापलेल्या मित्राचा कोथरूडमध्ये दुसरा फ्लॅट आहे. परवाच्या हिंदीच्या भांडणात मध्येच त्याचा मेसेज आला: ‘टू बीएचके भाड्याने देणे आहे. फॅमिली, शाकाहारी, शक्यतो आपल्यातलेच.’ मी त्याला ‘न्यू दिल्ली’ची लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘‘किशोर काय भारी आहे रे! आणि तुझ्या ओळखीत कोणी असेल तर सांग, फ्लॅट अजून रिकामाच आहे.’’