सुभेदारसाहेब, वडिलांच्या गिरणीबद्दल

नमस्कार सुभेदारसाहेब,

तुमची प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: वडील जंगी पलटणीत (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये) होते, 1971 ला पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत होते, आणि मी त्यांच्यावरच्या लेखात युद्धाला चार ओळी देऊन बाकी सगळा लेख पिठाच्या गिरणीवर खर्च केला. ‘सैनिकाचा तुम्ही पीठवाला करून टाकलात,’ हे तुमचं वाक्य. शिवाय ढाक्यात सर्वात आधी आमची पलटण शिरली, हे मी लिहिलं ते साफ चूक आहे, असंही तुम्ही दाखवून दिलंत.

आधी चुकीचं बोलतो. तुम्ही बरोबर आहात. 16 डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा पोचली ती 2 पॅरा, पाच दिवसांपूर्वी टांगाईलला छत्र्यांनी उतरलेली. ती पलटण मुळात मराठ्यांचीच तिसरी बटालियन, त्यामुळे आमच्या घरात ‘मराठेच आधी शिरले’ असं बोललं जायचं आणि लहानपणापासून ऐकलेलं मी न तपासता लिहिलं. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता पीठवाल्याबद्दल.

साहेब, वडील 1965 ला अठराव्या वर्षी बेळगावला भरती झाले आणि 1980 ला नाईक म्हणून पेन्शनवर आले. पंधरा वर्षं. त्यानंतर वडूजला चौतीस वर्षं गिरणी चालवली. जमालपूरबद्दल मी कमी लिहिलं, कारण ते कमी बोलले. चिठ्ठीचा प्रसंग मी का गाळला, असं तुम्ही विचारलंत. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली आणि पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात काडतूस गुंडाळून पाठवलं, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण वडिलांना ते लढाई संपल्यावर, इतरांकडून कळलं. खंदकात पडून असलेल्या जवानाला चिठ्ठी कुठून दिसणार? त्यांना आठवायची ती 10 डिसेंबरची रात्र. जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता अडवून बसलेले, दवानं भिजलेले कपडे, खिशात उरलेले दोन शक्करपारे, आणि हुकूम असा की शत्रू अगदी जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही. एवढं सांगून ते थांबायचे. पुढचं त्यांनी आईलाही सांगितलं नाही. जे त्यांनी सांगितलं नाही ते मी इकडून तिकडून वाचून त्यांच्या तोंडी घालावं, हे मला पटत नाही.

आणि गिरणी का, तर त्याचं कारण त्यांनी मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं. युद्ध तेरा दिवसांत संपलं. ते सुट्टीवर घरी आले तेव्हा 1973 चा उन्हाळा होता. तो दुष्काळ खटाव-माणमध्ये ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. त्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्यातली एक माझी आजी. छातीवर ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीवरच्या लढाईचं पदक लावायचा मान मिळालेला मुलगा एसटीतून उतरला तर घराला कडी. आई कुठंय म्हणून विचारलं तर शेजारच्यांनी खडी केंद्राकडं बोट केलं. तिथं ती उन्हात हातोडीनं दगड फोडत होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. घरात खायला रेशनचा लाल मिलो आणि केंद्रावर वाटलेली सुकडी. वडील म्हणायचे, ‘आम्ही तिकडं पोटभर खात होतो रे, आणि ही इथं खडी फोडत होती.’ हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. जमालपूर सांगताना कधी बदलला नाही. ज्या घरातून कुणी उपाशी उठणार नाही असा धंदा करायचा, हे त्यांनी त्या आठ दिवसांच्या सुट्टीत ठरवलं.

तेव्हा सुभेदारसाहेब, मी सैनिकाचा पीठवाला केला नाही. पीठवाला त्यांनी स्वतः व्हायचं ठरवलं, आणि तेही अंगावर वर्दी असताना.

1980 ला एका बँकेत कर्जासाठी चार महिने खेटे घालून झाले, जामीनदार नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी फंडाचे पैसे आणि आईच्या पाटल्या, यावर दहा हॉर्सपॉवरची मोटर बसली. उधारीची वही आईकडं, गिरणी वडिलांकडं. गिरणीत डब्यांची रांग लागायची. माणसं डबा रांगेत ठेवून घरी जायची, डबा त्यांच्या जागी उभा. कुणाचा डबा पुढं सरकवला जायचा नाही, मग तो कचेरीतल्या साहेबांचा असो. फक्त एकादशीच्या आदल्या दिवशी वरईचं दळण आधी, दगड झाडून पुसून.

पण तुमचा एक मुद्दा मला लागला, आणि तो खरा आहे. ‘युद्ध त्या माणसात कुठं आहे, ते लेखात दिसतच नाही.’ याचं उत्तर मी देऊ शकत होतो आणि दिलं नाही. मी लिहिलं होतं की वडील गिरणीवर तळहात ठेवून दळण ओळखायचे. का ओळखायचे, ते लिहिलं नव्हतं.

इतर गिरणीवाले आवाजावर चालतात. दगड फार जवळ आले की आवाज चढतो, पीठ तापतं, मग भाकरी थापताना तुटते. वडिलांना तो आवाज यायचा नाही. जमालपूरच्या त्या रात्रीच्या गोळीबारानंतर उजवा कान गेला तो गेलाच, डाव्याला निम्मं ऐकू. म्हणून चालू गिरणीच्या पत्र्यावर उजवा हात पसरून ते उभे राहायचे, डोळे मिटून, आणि दुसऱ्या हातानं दगडांतलं अंतर बदलायचं चाक पाव फेरा फिरवायचे. मग खाली पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळायचे. दगडांना टाकी मारायची वेळ झाली हेही हातालाच कळायचं. गावातल्या बायका दळण घेऊन आल्या की न सांगता त्यांच्या डाव्या अंगाला उभ्या राहायच्या. आम्ही भावंडंही जेवायला डावीकडंच बसायचो. हे इतकं रोजचं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज करा म्हणून आई मागं लागायची. ‘हात-पाय शाबूत आहेत,’ एवढंच म्हणायचे. अर्ज केला नाही.

हा मजकूर आता मूळ लेखात घालतो आहे, तुमच्यामुळे.

गिरणी आता धाकटा भाऊ चालवतो. मिरची कुटायचा डंक नवा घेतला आहे, पण पिठाचे दगड त्याच जागी आहेत. त्याचे दोन्ही कान चांगले आहेत, तरी तोही पत्र्यावर हात ठेवूनच चाक फिरवतो. तुम्हीही त्या वेळी पूर्वेला होता असं तुम्ही लिहिलंय. कधी वडूजला आलात तर कळवा, मी गावी असलो तर एसटी स्टँडवर घ्यायला येतो.