एकच वाण म्हणजे सगळं जुळलं असं नाही

मेंढीच्या तांबड्या पेशींनी लसवलेल्या उंदराच्या (दात्याच्या) प्लीहेतल्या पेशी दुसऱ्या उंदराला (ग्राहीला) टोचून, त्याची प्रतिपिंडं (परक्या गोष्टींविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रथिनं) घटतात का हे पाहण्याच्या प्रयोगावरच्या लेखात म्हटलंय, ‘दाता आणि ग्राही उंदीर एकाच वाणाचे असले की टोचलेल्या पेशी नाकारल्या जात नाहीत.’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. सी५७ब्लॅक/६ या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वाणात नराच्या पेशी मादीला दिल्या, तर वाय गुणसूत्रामुळे येणारा एच-वाय प्रतिजन (प्रतिकारशक्ती ओळखते ती पेशीवरची खूण) तिला परका वाटतो. किरणोत्सार देऊन प्रतिकारशक्ती मारलेली नसेल तर मादी त्या पेशी हळूहळू संपवते. मग प्रतिपिंडं घटली की श्रेय ‘दमनकारी’ (प्रतिसाद दाबणाऱ्या) पेशींना! दाता-ग्राही एकाच लिंगाचे घ्या, किंवा मादीच्या पेशी नराला द्या.

दुसरं, धुण्याचा उल्लेखच नाही. लसवलेल्या दात्याच्या प्लीहेतल्या पेशी नीट धुतल्या नाहीत तर आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) सोबत जातं, आणि मेंढीच्या तांबड्या पेशींविरुद्धचं आयजीजी एकटंच नवा प्रतिसाद दाबू शकतं. तीनदा धुवा, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा (गुठळी शेपटीच्या शिरेतून थेट फुफ्फुसात अडकते, उंदीर टेबलावरच जातो), जिवंत पेशी मोजून १ ते २ कोटी द्या. न लसवलेल्या दात्याच्या तेवढ्याच पेशी दिलेला गट नसेल तर निष्कर्ष काढूच नका.

आपल्याकडे कोकणात मेंढ्या कुठल्या, रक्त घाटावरूनच यायचं. ते अल्सेव्हर या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणात ४ अंशांवर ठेवा, प्रयोगभर एकाच मेंढीचं वापरा. धुतल्यावर वरचं पाणी गुलाबीच राहिलं, म्हणजे पेशी फुटत असल्या, तर ते रक्तच सरळ टाकून द्या. आणि पावसाळ्यात पिंजऱ्यातला भुसा लवकर बदला. दमट भुशात अमोनिया साठतो, किरणोत्सार दिलेले उंदीर तो सोसत नाहीत.