आधी पासपोर्ट घे, मग ये

जर्मनीहून कायमचं ठाण्याला परत यायचं म्हणतेय, तर आधी तिकडचा पासपोर्ट घे, हे वाक्य गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी ऐकवलंय की म्हटलं एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकू. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी नौपाड्यात वाढले, शाळा कॉलेज सगळं ठाण्यातच, आणि गेली दहा-एक वर्षं नवऱ्याबरोबर म्युनिकला आहे. दोघंही नोकरी करतो, मुलगी तिकडेच जन्मली, आता तिसरीत आहे. जर्मनीने जून २०२४ पासून नागरिकत्वाचा कायदा बदलला, आठ वर्षं तिथे राहण्याची अट पाचवर आणली आणि मूळ देशाचा पासपोर्ट सोडायची त्यांच्याकडची सक्तीही काढून टाकली. तुर्की माणूस आता दोन्ही ठेवू शकतो. आपल्याला ते जमत नाही, कारण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं तिथेच संपतं. तर सध्या आमच्या तिकडच्या मराठी ग्रुपमध्ये दुसरा विषयच नाही, कुणी अर्ज केलाय, कुणाला तारीख मिळालीये, कुणी ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, फॉर्म भरतंय. आम्हीही पात्र आहोत, फाइल तयार आहे, आणि माझ्याच्याने सही होत नाहीये.

लोकांना वाटतं हिला काहीतरी वाईट अनुभव आला असणार. तसं खरंच काही नाही. मुलगी सकाळी एकटी चालत शाळेत जाते आणि मी खिडकीतही उभी राहत नाही. आजारी पडलं तर पगाराची चिंता नाही, सुट्टी मागताना कुणाचं तोंड बघावं लागत नाही, वरच्या मजल्यावरच्या आजी आमची पार्सलं घेऊन ठेवतात, ख्रिसमसला मुलीसाठी स्वतः केलेली बिस्किटं देतात. त्या देशाने आम्हाला चांगलंच वागवलंय, आणि हे मी पहिल्यांदा लिहितेय कारण पुढचं वाचून कुणी म्हणू नये की खाल्ल्या घरचे वासे मोजतेय.

पण चांगलं वागवणं आणि आपलं धरणं यात फरक आहे, आणि तो मला दरवर्षी जास्त जाणवायला लागलाय. तिकडे आमची माणसं टिकत नाहीत. कुणी बर्लिनला जातं, कुणी नेदरलँडला, कुणी घर घेऊन लांब उपनगरात, कुणी कॅनडात, की झाली सेंडऑफ पार्टी, आणि पुढच्या गणपतीला मंडळात नवीन चेहरे आणि तेच प्रश्न, मूळचे कुठले, कधी आलात, जर्मनची बी वन परीक्षा झाली का, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना आला का, घर घ्यायचा विचार आहे का. पाच प्रश्न झाले की शांतता. वाईट कुणीच नसतं, पण मला लग्नाआधीपासून ओळखणारं, माझ्यावर चिडू शकणारं, माझी खोड माहीत असणारं तिथे नवऱ्याशिवाय एकही माणूस नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, तेव्हा हे फार अंगावर येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी नुसती ढकलते.

या वेळी ठाण्यात आले तेव्हा आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आई तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर सह्यांचं रजिस्टर, चहाचा थर्मास, आणि वर टांगलेला एक पंखा जो फक्त कमिटीला लागत होता. पूर्वी पंच्याहत्तर टक्के सभासदांची संमती लागायची, २०१९ च्या शासन निर्णयाने ती एक्कावन्न टक्क्यांवर आली, त्यामुळे आता संमतीवर नाही तर कार्पेट एरिया, ट्रान्झिटचं, म्हणजे बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायचं, भाडं आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरने सभासदांना द्यायची ठोक रक्कम, यावर घोडं अडतं. आई सभासद, मी नुसती शेजारी बसलेले, पण बिल्डर बँक गॅरंटी कशी देणार यावर कुणी बोलेचना म्हणून मी विचारलं. सेक्रेटरी काका, ज्यांनी मला फ्रॉकमध्ये बघितलंय, एकदम म्हणाले, "तुला काय गं, तू पंधरा दिवसांनी विमानात बसशील, तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात आम्हाला काढायचीयेत." लगेच तळमजल्यावरच्या मावशी उसळल्या, "बोलू दे ना तिला, आईचंच घर आहे ते, आणि मुद्द्याचं बोलतेय." मग जो काही गोंधळ झाला तो तुम्ही कल्पना करा. रात्री साडेनऊला तेच काका टेंडरचे कागद घेऊन तीन मजले चढून वर आले, म्हणाले, "हे वाच आणि उद्या सकाळी सांग कुठे कुठे फसवतायत."

काकांचं ते वाक्य मला लागलं. लागलं कारण बरोबर होतं. आणि रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं की म्युनिकमध्ये इतक्या वर्षांत मला कुणी "तुला काय" असं म्हटलेलं नाही, कारण माझं काही असेल असं कुणी धरलेलंच नाही. तिथे मी भाडेकरू, घरमालकांच्या सभेला मला बोलावणं नसतं. महापालिकेच्या निवडणुकीत युरोपियन युनियनवाल्यांना मत देता येतं, आम्हाला नाही. शाळेच्या पालकसभेला मी न चुकता जाते, माझं जर्मन कामापुरतं चांगलं आहे, ऑफिस, डॉक्टर, फॉर्म सगळं होतं, पण वीस पालक एकमेकांच्या बोलण्यात घुसून बोलायला लागले की माझं वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि मी मान हलवून घरी येते.

नवरा म्हणतो, मग घे की पासपोर्ट आणि दे मत, कोण अडवतंय. त्याचं म्हणणं चूक नाही. पण कागद मिळाला म्हणून आतून पेटतं असं नाही ना. बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याच्या, शाळांचं धोरण मला कळतं, त्यावर माझं मतही आहे, पण ते हिरिरीने मांडावं असं वाटत नाही. इथे गोखले रोडला नुकताच केलेला फूटपाथ परत खणलेला दिसला की मी तिथल्या तिथे फोटो काढून चार जणांना पाठवते. हा राग मला तिकडे कधी येत नाही, आणि ज्या गावाचा राग येत नाही तिथे म्हातारं व्हायचं या विचाराने मला धास्ती वाटते.

आता "आधी पासपोर्ट घे"बद्दल. हा सल्ला देणारे मूर्ख नाहीत. तिकडचं पर्मनंट रेसिडेन्सीचं कार्ड सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधारणपणे रद्द होतं, ब्लू कार्डवरून, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावरून, गेलेल्यांना बारा महिने मिळतात. म्हणजे परत येऊन नाही जमलं तर विचार बदलायला जेमतेम वर्ष. जर्मन पासपोर्ट असेल तर दार कायमचं उघडं, वर ओसीआय घेतलं की इकडेही आयुष्यभराचा व्हिसा, नोकरी करा, फ्लॅट घ्या, मुलांना शाळेत घाला. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. "एवढंच ना?" असं मला एका मित्राने विचारलं. हो, एवढंच, पण मी ज्यासाठी परत येतेय ते नेमकं एवढंच आहे! ठाण्यात २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक व्हायला २०२६ उजाडलं, मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. अशा शहरात परत यायचं, त्याच्या नावाने बोटं मोडायची आणि मतदानाच्या दिवशी घरात बसायचं, हे मला जमणार नाही. ज्यांना तिकडेच राहायचंय त्यांनी जरूर पासपोर्ट घ्यावा, मी त्यांच्या पार्टीला जाऊन पेढे खाल्लेत आणि मनापासून आनंद झालाय. परत यायचं ठरवून आधी परका व्हायचं, याला मात्र माझं मन तयार नाही.

दुसरं म्हणजे, मी आईसाठी येत नाहीये. हे स्पष्ट लिहायला हवं कारण नातेवाईकांनी तेच गृहीत धरलंय आणि माझं कौतुकही सुरू केलंय. आई ठणठणीत आहे, सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारते, ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणते, मैत्रिणींबरोबर गडकरीला नाटकं बघते, मी सकाळी फोन केला तर म्हणते नंतर कर. तिने मला समोर बसवून सांगितलं, "माझ्या नावावर येऊ नकोस. उद्या तुला इथे त्रास झाला तर त्याचं खापर माझ्यावर फुटेल." मला हे फार पटलं. आई-वडिलांच्या सेवेसाठी परत आलेली माणसं मी बघितलीयेत, त्यातली काही आतून धुमसत असतात, आणि ते म्हाताऱ्या माणसांनाही कळतं. यायचं तर स्वतःला इथे जगायचंय म्हणून यावं.

आणि इथलं जगणं काय आहे ते मला दिसतंय. घोडबंदर रोडला संध्याकाळी जे होतं ते मी रोज भोगलेलं नाही, पण या सुट्टीत मैत्रिणीकडे मानपाड्याहून कासारवडवलीला जाताना पाऊण तास लागला, मेट्रोच्या खांबांखाली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडून गेली, कामावर निघालेली माणसं! १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यापर्यंत धावली तिथून पुढे माणसाला अजून डब्यात उभं राहायला जागा नाही, याचं मला फार दुःख आहे. तेव्हा मी कुणालाही "आपलं ते सोनं" असं सांगणार नाही. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या क्षेत्रात आहे, तिकडे त्या धंद्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे, इकडे ऐरोली, पुणे, बंगळुरूला इंजिनिअरिंग सेंटर्स उघडतायत, तेव्हा काम मिळेल, पण ऑफिसचे तास तिकडचे नसतील हे आम्ही दोघांनीही धरून चाललोय.

पैशाचं पटकन सांगते कारण इनबॉक्समध्ये विचारतात. जर्मनीत साठ महिने पेन्शनचे हप्ते भरले असतील तर हक्क बुडत नाही, पेन्शन वयात आल्यावर भारतात बसूनही मिळतं, दोन देशांत १ मे २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. आणि बरीच वर्षं बाहेर राहून परतलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर (रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट) हा टॅक्सचा दर्जा बसू शकतो, तेव्हा तिकडच्या उत्पन्नावर सहसा इथे टॅक्स लागत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा.

खरा प्रश्न मुलीचा आहे, आणि त्यावर माझी झोप उडते. उपरेपण मला वाटतं, तिला नाही. ती म्युनिकची आहे. ईझार नदीच्या काठावर कुठल्या वळणाला चपटे दगड मिळतात ते तिला माहितीये, बेकरीतली बाई तिला नावाने ओळखते, तिच्या जर्मनमध्ये बव्हेरियन हेल आहे जो मला दहा वर्षांत जमला नाही. ठाणं म्हणजे तिच्यासाठी आजी, आंबा आणि सुट्टी. माझं मूळ शोधायला तिचं उपटायचं का? मी तिला विचारलं, इथे राहायला आलो तर? तिने विचारलं, "शाळेत एकटी जाता येईल का?" मी खरं ते सांगितलं, नाही, निदान सुरुवातीला नाही, रस्ता ओलांडणं अवघड आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी परत लहान होणार?"

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पण एक गोष्ट आहे. बव्हेरियात चौथीनंतर मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, तिकडे १ म्हणजे सर्वात उत्तम, तर गिमनाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, नाहीतर रेआलशूल किंवा मिटेलशूल, ज्या जास्त कामधंद्याकडे नेतात. दहाव्या वर्षी! चौथीच्या मे महिन्यात तो कागद हातात येतो आणि बालवाडीपासून एकत्र असलेला वर्ग तीन दिशांना जातो. म्हणजे तिच्या मैत्रिणींची ताटातूट तेव्हा तशीही होणार आहे. यायचं तर ते वर्ष, पुढे दरवर्षी तिला सोडावं लागणारं वाढत जाईल, आणि चौदाव्या वर्षी तिला ओढून आणणं हा अन्याय होईल असं माझं ठाम मत आहे. म्हणून ठरवलंय ते असं, फाइल तशीच कपाटात राहील, पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पूर्ण सहा आठवडे ठाण्यात राहील, कुठेतरी क्लासला जाईल, बिल्डिंगमधल्या मुलांशी भांडेल, आणि मग तिचं म्हणणं ऐकून चौघं मिळून, आईसकट, ठरवू. तिने ठाम नाही म्हटलं तर मी थांबेन. नवऱ्याला हे लेखी दिलंय.

आता मदत हवीये. ज्यांनी आठ ते अकरा वर्षांची मुलं बाहेरून ठाण्यात किंवा नवी मुंबईत परत आणलीत, त्यांनी प्लीज लिहा. पाचवीला जूनमध्ये प्रवेश घेताना तिकडच्या शाळेचे कोणते कागद लागले, तिला मराठी वाचता येतं पण हिंदी शून्य आहे तर शाळेने सवलत दिली का, सीबीएसई सोपं गेलं की स्टेट बोर्ड, पहिल्या सहा महिन्यांत मूल किती रडलं आणि कशाने सावरलं. आणि नौपाडा, पाचपाखाडी, वाशी, नेरूळ, कुठेही, अशी एखादी जागा आहे का जिथून दहा वर्षांची मुलगी रोज एकटी चालत शाळेत जाऊ शकते? मोठा रस्ता न ओलांडता. असेल तर गल्लीचं नाव सांगा, मी जाऊन बघून येते.