अस्मितेचा मेळावा भरवायचाय? मग हे वाचा

खान्देशी अस्मितेचा युवा वादविवाद मेळावा तुम्हालाही भरवायचाय ना? भरवा भो, जरूर भरवा. मी परवाच भाच्याला घेऊन असल्या एका मेळाव्यात सकाळी आठपासून बसून आलोय, अनुभव ताजा आहे, फुकट देतो.

तारीख मे महिन्यातलीच धरा. हॉलमधले दोन्ही कूलर स्टेजकडे तोंड करून लावा, पोरं काय, घाम गाळतील.

बॅनरवर बहिणाबाईंचा फोटो पाहिजेच, नि खाली बिनधास्त 'अहिराणी कवयित्री' छापा. त्यांची बोली लेवा गणबोली होती हे सांगणारा कोणी त्यांच्या माहेरचा, आसोद्याकडचा हॉलमध्ये बसलेला असेलही, पण त्याला माईक कोण देतंय?

पाहुणे किमान अकरा. शाल, नारळ, फोटो, नारळ पडला म्हणून परत फोटो. १९३६ चं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन नि साने गुरुजींचं अमळनेर अकराच्या अकरा जणांनी सांगायचं. शिरीषकुमार पंधराव्या वर्षी नंदुरबारला गोळी खाऊन गेला हे भरल्या गळ्याने सांगायचं आणि लगेच समोरच्या एकोणीस वर्षांच्या पोरांना 'तुम्ही अजून लहान आहात' म्हणायचं. मग त्या लहानांना प्रत्येकी तीन मिनिटं. घंटी अडीचलाच.

सातपुड्यातल्या आदिवासी धडगावकडून रात्रीच निघालेली पोरं दिसली की पहिले विचारा, 'नाच बसवलाय का?' वादविवादाला आलोय म्हणाली तरी.

जेवणात पनीर. कळण्याची भाकरी फक्त भाषणात.

आता मेन गोष्ट, मार्क. विषय ठेवा 'बोलीभाषा टिकल्याच पाहिजेत' आणि गुणपत्रिकेत गुपचूप एक रकाना टाका, 'भाषाशुद्धी, १० गुण'. मग माझ्या भाच्यासारखा एखादा येडा उठतो, अनुकूल बाजू मांडतो, मांडता मांडता म्हणतो 'मन्ही माय अहिराणी बोलस, मंग मी काब्र लाजू?', मागच्या रांगांमधून शिट्ट्या पडतात, सगळा हॉल जागा होतो, आणि परीक्षक मॅडम मान खाली घालून त्या रकान्यात लिहितात दोन. दहापैकी दोन! मी गेलो विचारायला तर म्हणे, मुद्दे छान होते हो, पण स्पर्धेत प्रमाण भाषा अपेक्षित असते, आणि पहिला नंबर कोणाला, तर 'बोलीभाषा ही आपल्या सांस्कृतिक संचिताची अमूल्य ठेव आहे' असं पाठ करून आलेल्याला, ज्याला पाहुण्यांनी स्टेजवर अहिराणीत नाव विचारलं तर तो नुसता हसला.

अहो, लाज वाटते का थोडी? ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिच्या ओव्या पोराने लिहून घेतल्या म्हणून राहिल्या, तिचं नाव २०१८ मध्ये विद्यापीठाला दिलं तेव्हा तुम्हीच पेढे वाटले ना? मग तिच्या फोटोखाली बसून भाषाशुद्धीचे मार्क कसले कापता? पोरांच्या तोंडची बोली नकोच असेल तर सरळ सांगा, अस्मिता-बिस्मिता लिहून बोलावता कशाला? आणि टाळ्या वाजवणारे तुम्ही-आम्हीही काही कमी नाही, मीसुद्धा त्या मॅडमसमोर 'बरं बरं' म्हणून खाली मान घालून परत आलो.

रात्री घरी पोचलो तर आजीने दारातच विचारलं, 'काय व्हयनं रे भाऊ?'

पोरगं बूट काढत म्हणालं, 'काही नाही आजी. ठीक झालं.'