गाडी आठलाच लावावी

अभिनंदन! इलेक्ट्रिक गाडी घेतलीत, नारळ फोडलात, चाकाखाली लिंबू चिरडलंत आणि झाडाच्या इमोजीसकट स्टेटसही टाकलंत. पृथ्वीचं काम झालं. आता राहिली सोसायटीच्या कोपऱ्यातली डीपी.

सरकारी मराठीत तिला रोहित्र म्हणतात. जाळीच्या कुंपणात कवटीच्या पाटीमागे जो राखाडी डबा दिवसरात्र गुणगुणत असतो, तो. हा डबा बसवणाऱ्यांनी एक मोठं पाप केलं. 120 फ्लॅट आहेत म्हणून काही 120 गीझर एकदम सुरू होत नाहीत, असं ते धरून चालले. कुणी सहाला अंघोळ करतो, कुणी नऊला, कुणी रविवारी. या विस्कळीतपणाच्या भरवशावर 630 केव्हीएच्या (ढोबळमानाने तेवढ्याच किलोवॅटच्या) डब्यात सगळी बिल्डिंग बसवली. विस्कळीतपणा मोडून काढायची संधी आजवर कुणाला मिळाली नव्हती. तुम्हाला मिळाली आहे.

त्यासाठी फार काही करायचं नाही. रोज रात्री आठला घरी आलात की, चप्पल काढायच्याही आधी, गाडी चार्जिंगला लावायची. आठच का? कारण तेव्हाच सगळ्यांचे एसी, मिक्सर आणि टीव्ही चालू असतात, आणि चांगल्या कामात एकी हवी. गाडीत टायमर असतो, 'रात्री बारानंतर सुरू हो' असं तिला सांगता येतं. त्याला हात लावू नये. बॅटरी 70 टक्के आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. मध्यरात्री मावशींना ससूनला न्यावं लागलं तर? (70 टक्क्यांत मावशींना महाबळेश्वरलाही नेता येईल, पण मावशी तिकडे कशाला जातील?)

हिशेब तर अजिबात करू नका. केलात तर पंचाईत होते. रोजचं जाणं-येणं साधारण 40 किलोमीटर, एका युनिटला सात किलोमीटर धरा, म्हणजे सहा युनिटं. सोसायटीत अशा 40 गाड्या असल्या तर 240 युनिटं. रात्री अकरा ते सकाळी सात अशी वाटून घेतली तर डीपीवर सरासरी 30 किलोवॅट पडतात, तिला कळणारही नाही. त्याच 40 गाड्या आठच्या ठोक्याला 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर लावल्या की 288 किलोवॅट. वीज तेवढीच, गाड्या त्याच. फरक फक्त शिस्तीचा.

चार्जरही 7.2 चाच घ्यावा. 3.3 चा साध्या सोळा अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि ही सहा युनिटं दोन तासांच्या आत भरतो, म्हणजे त्यात कसलाच रुबाब नाही. मोठा चार्जर एकटाच दीड टनाच्या चार-पाच एसींइतकी वीज ओढतो. परवानगीची काळजी नको. घरच्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये लेखी मुभा दिली आहे. त्या जोडणीला भार किती मंजूर आहे, हे बिलावर छापलेलं असतं. पण बिलात आपण फक्त रक्कम बघतो, ती परंपरा मोडू नये. तारेवर आकडा टाकणाऱ्याला निदान आपण आकडा टाकतोय हे माहीत असतं.

मिस्त्री बोलावलात की 'कुठल्या फेजवर घेतोयस?' असं विचारून त्याचा अपमान करू नका. बिल्डिंगला तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, येतात, पण मीटररूममध्ये सगळ्यात सोयीचा एकच असतो, आणि पहिले तेरा चार्जरही त्याच्यावरच असतात. मग त्या फेजचा व्होल्टेज बसतो आणि न्यूट्रल, म्हणजे तिघांची परतीची सामाईक तार, तापतो. एखाद्या रात्री न्यूट्रल जळून सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथे 230 व्होल्टचे साडेतीनशे होतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फ्रिज गेला तो असा. काकूंकडे गाडी नाही. स्कूटीसुद्धा नाही.

डीपी बिचारी एकदम उडत नाही. पूर्वी दिवसभर तापली तरी पहाटेपर्यंत तेल थंड व्हायचं. आत वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो, आणि ठरलेल्या तापमानाच्या वर दर सहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. आता मे महिन्यात रात्रभरचे एसी तिला थंड होऊ देत नाहीत, आणि त्यात आठला गाड्यांची भर.

काही लोक तुम्हाला भुलवायला येतील. ब्रिटनमध्ये 2022 पासून घरगुती चार्जर संध्याकाळची गर्दीची वेळ टाळण्याचं सेटिंग आधीच लावून विकावे लागतात, आणि स्वस्त दराच्या ठोक्याला सगळे एकदम सुरू होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला दहा मिनिटांपर्यंत पुढेमागे रेंगाळायला लावतात. यंत्रांना रांगेत उभं करणारे लोक ते, आपण तर माणसांनाही करत नाही. आपल्याकडे नव्या मीटरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज थोडी स्वस्त मिळते. त्या वेळी गाडी हिंजवडीच्या चौकात उभी असते, आणि तिथे सॉकेट नाही.

तर एका रात्री साडेनऊला लाइट जाईल. ग्रुपवर 'सगळ्यांची गेली का?' सुरू होईल. वायरमन बॅटरीच्या उजेडात जाळीत डोकावून 'उद्या दुपारपर्यंत' म्हणेल. तुम्ही चौथ्या मजल्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसाल. तेवढ्यात खाली सोसायटीचा जनरेटर धडधडेल. तो लिफ्ट, पाण्याचा पंप आणि पार्किंग एवढ्यालाच असतो, आणि मिस्त्रीने तुमचा प्लग घरच्या जोडणीऐवजी पार्किंगच्या लाइनवर टाकलाय. बाल्कनीतून वाकून बघा. सगळी बिल्डिंग काळोखात आहे, आणि तुमच्या गाडीचा हिरवा दिवा डिझेलवर लुकलुकतो आहे.