टीव्हीवरचं ताणलेलं चित्र आणि सहा उपायांचा तो मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. टीव्हीवर माणसं जाडी दिसतात, डोकी कापली जातात, बाजूला काळ्या पट्ट्या येतात, तर मेकॅनिकला पैसे देऊ नका, असं म्हणून त्यात सहा गोष्टी सांगितल्यात. एक, काळ्या पट्ट्यांनी स्क्रीन जळते. दोन, डिश थोडी फिरवली की चित्र सरळ होतं. तीन, सोनेरी टोकांची एचडीएमआय वायर घ्या. चार, डिजिटल अँटेना लावा, सगळे चॅनेल फुकट आणि फुल स्क्रीन. पाच, रिमोटवरून सर्व्हिस मेनू उघडून पॅनेलचा, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचा, प्रकार बदला. सहा, सीमाभागात मराठी चॅनेल मुद्दाम कापून पाठवतात. खाली अर्थातच 'सगळ्यांना पाठवा'.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. हा माझ्या खानापूरच्या मावशीकडे पोचला आणि तिच्या नातवानं पाचवा उपाय करून टाकला. आता तिच्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई उलटी लटकते आणि रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. दुकानदार म्हणतो, पॅनेल गेलं. म्हणून सुरुवात पाचव्यापासून.

सर्व्हिस मेनू कारखान्यातल्या आणि दुरुस्तीच्या माणसांसाठी असतो. एकच मदरबोर्ड, म्हणजे टीव्हीच्या आतला मुख्य बोर्ड, कंपनी वेगवेगळ्या पॅनेलांना लावते. समोर कुठलं पॅनेल आहे, त्याला चित्राची माहिती कुठल्या क्रमानं द्यायची, हे त्या बोर्डाला तिथल्या एका ओळीतून कळतं. ती ओळ बदलली की बोर्ड भलत्याच पॅनेलची भाषा बोलायला लागतो. मग चित्र उलटं होतं, आरशातल्यासारखं होतं, अर्धंच येतं, रंग फिरतात, नाहीतर पडदा पुरता काळा पडतो. पडदा काळा पडला की तो मेनूही दिसत नाही, मग परत फिरणार कसं? साधं फॅक्टरी रीसेट केलं तरी बहुतेक सेटांत ही ओळ जागची हलत नाही. टीव्हीचं सॉफ्टवेअर नव्यानं भरावं लागतं आणि ते जाणकाराचं काम आहे. वर या सगळ्याचा चित्राच्या आकाराशी काही संबंधच नाही! ज्यानं हे लिहिलं त्यानं स्वतःच्या टीव्हीवर तरी करून बघायचं होतं.

ज्यांनी हे आधीच करून ठेवलंय त्यांनी पॅनेल बदलायला होकार देऊ नये. टीव्हीतला सगळ्यात महाग भाग तोच. मेकॅनिकला लाज न बाळगता सांगा की सर्व्हिस मेनूत पॅनेलचा प्रकार बदलला गेलाय, आधी सॉफ्टवेअर भरून बघा. आणि ज्यांनी मेनूला हात लावलेला नाही, फक्त चित्र ताणलंय, त्यांच्यासाठी सोपी तपासणी आहे. टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. टीव्हीचा स्वतःचा मेनू नीट, सरळ, न कापता दिसला तर पॅनेल ठणठणीत आहे.

मग चित्र ताणतं कशानं? जुन्या डबा टीव्हीचा पडदा 4:3 होता, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. आताचे सगळे 16:9. जुनं 4:3 चित्र नव्या पडद्यावर खऱ्या आकारात दाखवलं तर ते रुंदीचा पाऊण भागच व्यापतं, उरलेल्या जागेत दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतात. तेच ताणून भरलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. झूम करून भरलं की वरखाली मिळून पाव चित्र जातं आणि डोकी कापतात. बाकीचे मार्ग म्हणजे यांचीच सरमिसळ.

डिजिटल प्रसारणात हे नीट व्हावं म्हणून सोय आहे. आपले सॅटेलाइट बॉक्स ज्या डीव्हीबी पद्धतीवर चालतात, तिचा ईटीएसआय या युरोपीय मानक संस्थेचा टीएस 101 154 हा तांत्रिक दस्तऐवज कुणालाही उघडून वाचता येतो. साध्या, एचडी नसलेल्या चॅनेलचं चित्र साधारणपणे 720 गुणिले 576 ठिपक्यांचं असतं, मग ते 4:3 असो की 16:9. नुसते ठिपके मोजून आकार कळत नाही. म्हणून चित्रासोबत एक खूण पाठवायची आणि बॉक्सनं ती वाचून आकार ठरवायचा, असं तिथे ठरवून दिलंय. म्हणजे आकार ठरतो तीन ठिकाणी: पाठवणाऱ्याकडे, बॉक्समध्ये आणि टीव्हीत. यातल्या दोघांनी आपापलं शहाणपण चालवलं की घोटाळा होतो.

आपल्याकडे बहुतेक वेळा बॉक्स चुकलेला असतो. कित्येक स्वस्त फ्री डिश बॉक्सांत 'टीव्हीचा प्रकार 4:3' असंच धरलेलं असतं. मग बॉक्स रुंद चित्राला वरखाली पट्ट्या लावतो, टीव्ही डावीउजवीकडे लावतो आणि चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 16:9 करा. 'पिलर बॉक्स' असा पर्याय असेल तर तो घ्या, म्हणजे जुने कार्यक्रम ताणले जाणार नाहीत. मग टीव्हीवर पिक्चर साइज 16:9 ठेवा, झूम नको. कडा थोड्या कापल्या जात असतील, खालची बातम्यांची पट्टी अर्धवट दिसत असेल, तर टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. बहुतेक टीव्ही ही निवड प्रत्येक इनपुटसाठी वेगळी लक्षात ठेवतात, म्हणून बॉक्सवर असतानाच बदला. राष्ट्रध्वज दिसला की अशोकचक्र बघा. गोल असेल तर झालं.

आता बाकीचे. डिश फिरवून काहीही होत नाही. डिजिटल सिग्नल कमी पडला तर चित्राचे चौकोन होतात, ते थिजतं किंवा जातं. ताणत नाही. डिश फिरवाल तर आहे तेही घालवाल. सोनेरी वायरीचंही तेच, वायर आकार बदलत नाही. पिवळ्या एव्ही वायरीऐवजी एचडीएमआय लावली तर चित्र स्वच्छ होतं, एवढं खरं. पण त्याला साधी वायर पुरते.

डिजिटल अँटेना ही शुद्ध फसवणूक आहे. दूरदर्शननं जमिनीवरून डिजिटल प्रसारण 2016 मध्ये 16 शहरांत सुरू केलं. त्यात कर्नाटकातलं बंगळुरू होतं, महाराष्ट्रातलं मुंबई आणि औरंगाबाद. बेळगाव नव्हतं. जुने ॲनालॉग प्रक्षेपकही मोक्याची 50 ठिकाणं सोडून 31 मार्च 2022 पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीनं जाहीर केलं होतं. खाजगी चॅनेल तर अँटेनावर कधी नव्हतेच. खिडकीत अँटेनाचा तो काळा पट्टा चिकटवून इथे पकडणार काय?

स्क्रीन जळते, यात अर्धं सत्य आहे ते मान्य करतो. ओएलईडी किंवा जुन्या प्लाझ्मा टीव्हीवर महिनोन्‌महिने त्याच पट्ट्या राहिल्या तर पडदा असमान झिजू शकतो. साध्या एलईडी टीव्हीला ही भीती नाही, आणि आपल्या घराघरांत तोच आहे.

राहिला सहावा, ज्यामुळे हा मेसेज इतका पसरला. फ्री डिशचे चॅनेल 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 वरून येतात. सह्याद्रीचा जो प्रवाह कोल्हापुरात उतरतो तोच निपाणीत उतरतो, दूरदर्शनचा कन्नड चॅनेल चंदनाही तसाच. उपग्रहाला राज्याची सीमा दिसत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाची गाऱ्हाणी खरी आहेत. 1956 पासूनची आहेत आणि या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात बॉक्सच्या चुकीच्या सेटिंगची भर घातली तर उद्या खऱ्या तक्रारीलाही लोक हसतील, याचा मला खरोखर राग येतो.

केबलवाल्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. काही ठिकाणी केबलच्या कंट्रोल रूममधलं जुनं यंत्र रुंद चित्र दाबून 4:3 करून पुढे पाठवतं आणि तिथे तुमचा रिमोट पुरा पडत नाही. पण मग ते कन्नड आणि हिंदी चॅनेललाही तसंच करतं. शेजारच्या कन्नड घरात जाऊन बघा, त्यांच्याकडेही माणसं तशीच दिसत असतील तर दोघांनी मिळून केबलवाल्याला फोन करा. चॅनेलचं नाव आणि नंबर सांगा, पडद्याचा फोटो पाठवा आणि 'तुमच्याकडून 4:3 खूण जातेय, 16:9 करा' एवढंच म्हणा. त्याला कळतं.