गूळ अंगी किती लागतो?

परवा भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. वर कोल्हापुरी गुळाच्या रव्याचा फोटो आणि खाली मजकूर: "१०० ग्रॅम गुळात ११ मिलिग्रॅम लोह! गूळ जितका काळा, तितकं लोह जास्त. रोज गुळाचा चहा प्या, महिन्यात रक्त वाढेल. गरोदर बायकांना भाजकी माती खावीशी वाटते, कारण तिच्यात नैसर्गिक लोह आहे. गोळ्यांतलं लोह शरीर घेत नाही, म्हणून तर शौचाला काळं होतं." खाली हात जोडलेल्यांची रांग. पुतण्याच्या बायकोला सहावा महिना लागलाय. तिनं मला फोन करून विचारलं, "काकू, मग गोळ्या बंद करू काय?"

आधी हे सांगते की मी गुळाची वैरीण नाही. वडिलांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. काईल, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, वाफ्यात रिकामी झाली की ताज्या गुळासाठी आम्ही पोरं ताटली घेऊन उभीच असायचो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते चवीला आणि कसाला मिळालं. तो औषध आहे असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.

आता तो ११ चा आकडा. जुन्या आहारतक्त्यांत तो सापडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात मात्र उसाच्या गुळात १०० ग्रॅमला ४.६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिलंय. गरोदर बाईला दिवसाला २७ मिलिग्रॅम लागतं. नुसत्या गुळावर भागवायचं तर रोज अर्धा किलोहून जास्त गूळ खावा लागेल. शिवाय हे झालं गुळात 'असलेलं' लोह. आपल्या आज्या "खातंय पण अंगी लागत नाही" म्हणायच्या, तोच प्रश्न इथं विचारायचा आहे.

प्रयोगशाळेत तो पायरीपायरीनं विचारतात. पदार्थ ३७ अंशांवर, जठरातल्यासारख्या आम्लात, पेप्सिन घालून २ तास घुसळतात. मग आम्लता उतरवतात, पित्त आणि स्वादुपिंडाचे पाचकरस घालून आणखी २ तास ठेवतात. शेवटी जे द्रावणात सुटं राहिलं तेवढंच आतड्याच्या हाती लागू शकतं. लोहाची गोची दुसऱ्या पायरीवर होते. आम्लात विरघळलेलं लोह आतड्यातल्या कमी आम्लतेत पुन्हा साका होऊन खाली बसतं. आवळ्या-लिंबातलं क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते धरून ठेवतं. जे सुटं राहतं, तेही सगळं रक्तात जात नाही. धान्य-भाजी-गुळातलं लोह साधारण २ ते २० टक्के शोषलं जातं. मटणातल्या लोहाचा मोठा भाग वेगळ्या रूपात असतो, तो १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत जातो. वर मटण भाकरीतल्या लोहालाही हात देतं. तांबडा रस्सा-भाकरीवर लिंबू पिळणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

काळ्या गुळाचं लवकर आटोपते. रंग येतो तो मुख्यतः पाक किती तापला आणि मळी किती निघाली यावर. ऊस पिळायचा चरक आणि काईलीच्या लोखंडाचाही थोडा अंश गुळात उतरतो, पण रंग बघून लोह ओळखता येत नाही. (फार पिवळाधमक गूळ दिसला तर मात्र हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळवायला घालतात त्या रसायनाची, शंका जरूर घ्यावी.)

खरी गंमत गुळाच्या चहात आहे. राधानगरी-शाहूवाडीकडच्या रानातला हिरडा आणि हिराकस एकत्र केलं की काळी शाई होते, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. हिराकस म्हणजे लोहाचं मीठ आणि हिरड्यात टॅनिन. चहातही त्याच जातीची द्रव्यं असतात. म्हणजे गुळाचा चहा करताना चमचाभर गुळातलं कणभर लोह आपण त्याला बांधून ठेवणाऱ्या द्रव्यातच उकळतो! जेवणासोबत चहा घेतला तर ताटातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. तासाभराचं अंतर ठेवलं तर नुकसान बरंच टळतं. चहा सोडा असं कोल्हापुरात सांगून मला कुणाशी वैर घ्यायचं नाही, फक्त पोह्याच्या बशीशेजारी कप नको.

भाजक्या मातीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पश्चिम भागातली जांभ्याची माती लोहामुळंच लाल आहे, हे खरं. पण ती लाल कशी झाली? गगनबावड्याकडच्या पावसानं लाखो वर्षं त्या खडकातलं चुना, पोटॅश, जे जे विरघळतं ते धुवून नेलं आणि जे विरघळेना ते मागं राहिलं. ते लोह म्हणजे जवळपास गंजच. पोटात त्यातलं थोडंच सुटतं. उलट मातीतले चिकणकण जेवणातलं लोह स्वतःकडं ओढून घेतात. रक्त कमी असताना माती खावीशी वाटते हे डॉक्टरही पाहतात. ते कमतरतेचं लक्षण आहे, त्यावरचा उतारा नव्हे.

आणि मातीत शिसं असेल तर? मातीतलं शिसं पोटात किती सुटतं हे तपासायला बारीक चाळलेली माती तीव्र आम्लात तासभर ढवळतात. शिसं खनिजात घट्ट बसलेलं असेल तर कमी सुटतं, रंगाच्या पोपड्यातून किंवा रस्त्याच्या धुळीतून आलेलं असेल तर पुष्कळ. म्हणून 'मातीत शिसं सापडलं' एवढ्यानं घाबरायचं कारण नाही, पण पुडीतली माती कुठली हे कुणालाच ठाऊक नसताना ती खाण्यात शहाणपणही नाही. लोहाची कमतरता असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचतं.

राहिल्या गोळ्या. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, फॉलिक अॅसिडसोबत. ते लोह म्हणजे शुद्ध करून मोजून दिलेला हिराकसच (बाजारातला कुणी तोंडात घालू नये). तो पाण्यात सहज विरघळतो. काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळं, हे कबूल. पण हिशेब करू. दहातलं एकच अंगी लागलं तरी गोळीतून ६ मिलिग्रॅम मिळतं. २० ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून तोच हिशेब ०.१ च्या आसपास थांबतो. मेसेजातला ११ चा आकडा खरा धरला तरी ०.२.

पोरीला एवढंच सांगितलं की गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, कॅल्शियमची वेगळ्या वेळेला घे, मळमळलं तर डॉक्टरांना विचार, पण मनानं बंद करू नको. ती म्हणाली, "आणि गूळ?" म्हटलं, खा की, शेंगदाण्यासंगं.